उरलेला माल कोणाचा?

पाडव्याला पेठेत वह्यांची पूजा होते. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, ‘श्री’, ‘शुभ-लाभ’, वर झेंडूचे फूल आणि शेजारच्या ताटलीत साळीच्या लाह्या नि बत्तासे. हिशेब बहुतेकांचा आता संगणकात असतो. आयकरासाठी सगळ्यांचे वर्ष मार्चअखेर संपायचे, हे १९८९ पासूनच ठरलेले आहे. तरी वही आणली जाते, मुहूर्तावर उघडली जाते आणि पुष्कळदा वर्षभर कोरीच राहते. पूर्वी अनेक पेढ्यांचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. पूजेआधी गोदाम उपसून मालाची मोजदाद व्हायची. काय उरले, किती किमतीचे उरले, हे लिहूनच जुनी वही मिटायची. २०२५ च्या पाडव्याला त्या उरलेल्या मालाविषयी बोलणे भाग होते, कारण आधीच्या दोन महिन्यांत तो ज्यांच्या पदरी पडला त्यांनी तो मागितलेला नव्हता.

वहीची एक उणीव मात्र जुनीच आहे. जे विकले ते तिच्यात चढते. जे मागितले गेले आणि दुकानात नव्हते, त्याची नोंद कुठेच होत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पणत्या संपल्या आणि नंतर आलेली वीस गिऱ्हाइके पुढच्या दुकानात गेली, तर ती वीस माणसे वहीला दिसत नाहीत. पुढच्या वर्षी वही सांगणार, गेल्या साली पाचशे पणत्या खपल्या, पाचशेच आणा. उलट उरलेला माल माळ्यावर बसून वर्षभर डोळ्यांत खुपतो. त्यामुळे व्यापारी माणूस हुकलेला नफा विसरतो आणि अडकलेले भांडवल विसरत नाही. मागणीचा अंदाज म्हणून जे काही आपण करतो, तो खरे तर विक्रीचा अंदाज असतो, आणि विक्री ही दुकानात जेवढा माल होता त्याच्या पुढे जाऊच शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांनाही हा आंधळेपणा सुटलेला नाही.

२०२५ मध्ये अंदाज करणाऱ्यांची परीक्षाच होती. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा कराचे दर दिवाळीपर्यंत कमी होतील असे सांगितले. कोणत्या वस्तूवर किती, हे कर परिषदेच्या ३ सप्टेंबरच्या बैठकीत ठरले आणि नवे दर घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला लागू झाले. मधले पाच-सहा आठवडे गिऱ्हाईक हात आखडून बसले. टीव्ही घ्यायचा होता त्याने थांबायचे ठरवले, दुचाकीची चौकशी करणारा ‘नवरात्रात बघू’ म्हणून गेला. यात गिऱ्हाइकाची चूक काय? स्वस्त होणार हे ठाऊक असताना आज कोण घेईल? पण याच आठवड्यांत दुकानदाराचा दसरा-दिवाळीचा माल भरून झालेला असतो किंवा वाटेत असतो. गणपतीनंतर माल भरायचा, हे पेठेचे वेळापत्रक कोणत्याही परिषदेच्या तारखेवर अवलंबून नाही.

हे किराणा दुकानाच्या फळीजवळ जाऊन पाहू. छापील किंमत ११८ रुपये असलेली टूथपेस्ट घ्या. त्यात १८ टक्के कर धरलेला. कर काढला तर मूळ किंमत १००. दुकानदाराने ती, समजा, १०६ रुपयांना घेतली आणि बारा रुपये सुटतील असे धरले. कर ५ टक्क्यांवर आला, तशी नवी किंमत झाली १०५. म्हणजे १०६ ला घेतलेली वस्तू १०५ ला विकायची. ज्या दुकानदाराची रीतसर नोंदणी आहे, त्याने खरेदीवर भरलेला कर वजावटीत जमा असतो. आता विक्रीवर करच थोडा लागत असल्याने ती जमा वळती व्हायला वेळ लागतो, पैसा तेवढा अडकतो. पण ज्याची उलाढाल लहान म्हणून तो ‘कंपोझिशन’ योजनेत आहे, उलाढालीवर एक टक्का भरून मोकळा होतो, त्याला वजावट मुळातच नाही. त्याचा तोटा सरळ खिशातून. सरकारने जुन्या मालावर नव्या किमतीचे स्टिकर लावायला परवानगी दिली. काही मोठ्या कंपन्यांनी फरक भरूनही दिला. हिंदुस्थान युनिलिव्हरने सप्टेंबरअखेर शेअर बाजाराला कळवले की वितरक आणि दुकानदार जुना माल संपवण्याच्या मागे असल्याने तिमाहीची विक्री रेंगाळली आहे. कंपनीला निदान कळवायला शेअर बाजार आहे. फळीसमोर उभा राहून एकेका डब्यावर स्टिकर डकवणाऱ्या माणसाला ती सोय नाही.

मोटारींच्या विक्रेत्यांचे दुखणे आणखी वेगळे. मोठ्या गाड्यांवरचा उपकर २२ सप्टेंबरला गेला, आणि ज्या गाड्या त्याआधीच उपकरासह घेऊन ठेवल्या होत्या त्यांच्यापोटीची सुमारे २,५०० कोटी रुपयांची जमा वजावट विक्रेत्यांच्या खात्यांत तशीच लटकली, असे त्यांच्या महासंघाचे म्हणणे. वजावट आहे, पण ती ज्यातून वळती करायची तो उपकरच राहिला नाही. कर कमी झाला हे चांगलेच झाले. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती कर बदलण्याच्या आदल्या रात्री जो माल ज्याच्या गोदामात होता, त्याचे काय करायचे याचा विचार त्या निर्णयात शेवटी आला याबद्दल.

त्यात मराठवाडा बुडाला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला होता. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची वाट पाहणाऱ्या आपल्याकडे हे अप्रूपच. पाऊस चांगला म्हणजे सोयाबीन चांगले, आणि सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीचा बाजार चांगला, हे लातूर, धाराशिव, बीडच्या कापड दुकानदाराचे साधे गणित. त्याने त्या हिशेबाने माल भरला. सप्टेंबरच्या शेवटी नद्या शेतांतून वाहिल्या, पिके आणि माती दोन्ही गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली. मदत खात्यात कधी येते आणि तिच्यातून आधी कर्ज फिटते की पोराला नवा शर्ट येतो, हा अंदाज कोणत्या दुकानदाराने कसा बांधायचा?

अनिश्चित मागणीचे शास्त्र आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये प्रश्न मांडला तो बँकेचा: ठेवीदार किती पैसे मागायला येतील हे माहीत नसताना तिजोरीत रोकड किती ठेवावी? १९५१ मध्ये केनेथ अॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी साठ्याच्या प्रश्नाला गणिताची नीट चौकट दिली. यातल्या सर्वांत सोप्या गणिताला पाठ्यपुस्तकांत ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणतात, कारण सकाळी घेतलेले वर्तमानपत्र संध्याकाळी रद्दी होते. अग्रलेख लिहिणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

आपण तो प्रश्न आकाशकंदिलावर सोडवू. कंदील १२० रुपयांना घेतला, २०० ला विकला. पाडवा उलटला की ४० रुपयांनाही कोणी घ्यायचे तर घासाघीस करते. कमी पडला तर नगामागे ८० रुपये नफा हुकतो, उरला तर ८० रुपये बुडतात. दोन्ही पारडी सारखी, म्हणून सरासरी जेवढी मागणी असते तेवढाच माल आणावा. समजा सरासरी १०० आहे आणि दरवर्षी पंचवीसेक इकडेतिकडे होतात, तर शंभर कंदील आणावेत. आता घाऊक व्यापारी म्हणाला, ‘उरलेले मी १०० रुपयांनी परत घेतो.’ मग उरलेल्या नगामागे तोटा फक्त २० रुपयांचा. तेच दुकान, तेच गिऱ्हाईक, तीच दिवाळी. पण आता सुमारे १२० कंदील आणणे शहाणपणाचे ठरते. उलट घाऊक भाव १६० झाला, म्हणजे नफा ४० राहिला, आणि उरलेला कंदील ८० लाच जातो असे धरा, तर ९० च्या आसपास थांबलेले बरे.

या तीन आकड्यांत मागणीचा अंदाज कुठेही बदललेला नाही. बदलला तो फक्त घाऊक भाव आणि उरलेल्या मालाची जबाबदारी. ‘अंदाज सुधारा’, ‘डेटा वापरा’ असा उपदेश लहान व्यापाऱ्याला सल्लागार आणि सरकारी योजनांची पत्रके करत असतात. उपदेश खोटा नाही, पण अर्धा आहे. किती माल ठेवायचा याचे उत्तर निम्मे अंदाजातून येते, उरलेले निम्मे खरेदीच्या अटींतून. त्या अटी लिहिणारा हात बहुतेक वेळा दुकानदाराचा नसतो.

आमचे म्हणणे याच ठिकाणी आहे. अनिश्चितता साखळीतून नाहीशी होत नाही, ती खाली ढकलली जाते, आणि ढकलता ढकलता ज्याच्याकडे भांडवल सर्वांत कमी त्याच्या गोदामात जाऊन बसते. हे अन्यायाचे आहेच. पण धंद्याच्या हिशेबानेही ते तोट्याचे आहे. एका दुकानाचा अंदाज तीस टक्क्यांनी चुकतो असे धरा. अशा शंभर दुकानांची मागणी एकत्र मोजली, आणि त्या दुकानांचा एकमेकांशी संबंध नसला, तर कुठे जास्त, कुठे कमी होऊन एकूण चूक तीन टक्क्यांवर येते. म्हणजे साखळीत जसजसे वर जावे तसतशी अनिश्चितता आपोआप लहान होते, आणि भांडवलही तिथेच मोठे असते. मराठवाड्यासारख्या संकटात तर शंभर दुकाने एकाच पावसाने एकदम बसतात. ती चूक जिल्ह्याच्या वितरकाकडेही विरत नाही. देशभर विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबात मात्र नांदेडची उणीव नागपूर, कोईमतूर भरून काढू शकतात. जिथे ओझे सर्वांत हलके होते, तिथून ते उचलून जिथे सर्वांत जड होते तिथे ठेवण्याची ही व्यवस्था कोणी ठरवून केली नसेल. पण ती चालू राहावी यात कोणाचे हित आहे, ते उघड आहे.

कारण कंपनीच्या लेखी ‘विक्री’ म्हणजे वितरकाला गेलेला माल. त्याला त्या जगात प्रायमरी म्हणतात. वितरकाकडून दुकानात गेला तर सेकंडरी. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडला की नाही, याची बक्षिसे सेल्समनला मिळत नाहीत. महिनाअखेरीस टार्गेट गाठायचे असते. मग ‘दहा पेट्यांवर एक फुकट’ अशी स्कीम निघते, वितरकाला गळ घातली जाते, चाळीस दिवसांची उधारी दिली जाते आणि पुढच्या महिन्याचा माल याच महिन्यात ढकलला जातो. पुढच्या महिन्यात वितरक साहजिकच कमी घेतो, टार्गेट चुकते, स्कीम आणखी मोठी होते. मोटारींच्या धंद्यात हे आकड्यांत दिसते. २०२४ च्या सप्टेंबरअखेर देशातल्या विक्रेत्यांच्या आवारांत ८० ते ८५ दिवसांचा साठा उभा होता, सुमारे ७ लाख ९० हजार गाड्या, ७९ हजार कोटी रुपयांच्या. विक्रेत्यांचा महासंघ कित्येक वर्षे सांगत आला आहे की २१ दिवसांचा साठा पुरे. त्या गाड्यांवर बँकेचे व्याज विक्रेता भरत होता. कंपन्यांच्या कागदावर त्या विकल्या गेल्या होत्या.

यातून घडणारा गोंधळ प्रयोगशाळेतही करून पाहता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या सुमारास एक खेळ तयार झाला. चार जण एका रांगेत: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि बिअरचा कारखाना. प्रत्येकाला फक्त खालच्याची ऑर्डर दिसते, आणि मागवलेला माल पोचायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी सगळ्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला चार खोकी होती ती आठ होते आणि आठच राहते. एवढ्यावर कारखान्याच्या ऑर्डरी वीस-वीस, चाळीस-चाळीस खोक्यांवर उड्या मारतात, मग शून्यावर येतात. कोणाकडे खोक्यांचा डोंगर, कोणाकडे खडखडाट. खेळणारे मागाहून सांगतात की गिऱ्हाईकच लहरी होते. मागणीचा तो सपाट आलेख दाखवला की वर्गात हशा पिकतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या पॅम्पर्स डायपरबाबत नेमके हेच आढळले होते. बाळे महिन्याला ठरावीकच डायपर वापरतात, तरी वितरकांच्या ऑर्डरी हेलकावे खात. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची कारणे मांडली. एकेक ऑर्डर साठवून मोठी करणे, स्कीम लागली की लागेल त्याहून जास्त भरणे, टंचाईच्या अफवेने दुप्पट मागवणे, आणि प्रत्येकाने खालच्याच्या ऑर्डरीला खरी मागणी समजणे. यातले एकही कारण मूर्खपणाचे नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणाच वागतो.

‘साठाच ठेवू नका’ हा उपाय जपानने जगाला शिकवला असे म्हटले जाते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह बनायचा. टोयोटाकडे त्याचा साठा जेमतेम काही तासांचा होता, आणि दोन-तीन दिवसांत जपानमधले टोयोटाचे जवळजवळ सगळे कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी मिळेल त्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह बनवून आठवड्याभरात गाडे पुन्हा चालू केले, हे त्या साखळीच्या आपसांतल्या विश्वासाचे फळ. आपल्याकडे आपण पद्धत उचलली, विश्वास राहिला तिकडेच. मोठ्या कारखान्याच्या दारात सुटा भाग ‘ऐनवेळी’ येतो, कारण भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाने जवळच्या भाड्याच्या गाळ्यात काही दिवसांचा माल रचून ठेवलेला असतो. साठा गेला कुठे नाही, फक्त कुंपणाबाहेर गेला. २००६ च्या कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. गाळ्यात पडून राहिलेले दिवस कोणत्याच कायद्यात नाहीत.

कांद्याची गोष्टही हीच, फक्त गोदामाच्या जागी चाळ. उन्हाळी कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि दिवाळीपर्यंत देशाला पुरवायचा असतो. तेवढे महिने तो ठेवतो कोण? नाशिक, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतला शेतकरी. चाळीतला कांदा वजनाला घटतो, सडतो, कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत पाव-तिसरा हिस्सा सहज जातो. मागणी किती राहील हे त्याला ठाऊक नसते, कारण ती मागणी दिल्लीतल्या एका अधिसूचनेने बदलते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिले, आणि शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ ला. त्यावर २०२५ मध्ये केंद्राने भाव पडलेले असताना, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या तीन लाख टनांच्या राखीव साठ्यातला कांदा २४ रुपये किलोने मुंबई-दिल्लीत विकायला काढला. राखीव साठा ठेवणे हे सरकारचे कामच आहे. महागाईच्या काळात तो बाहेर काढणेही. पण सरकारच्या गोदामातून कांदा निघाला की शेतकऱ्याच्या चाळीतल्या कांद्याची किंमत त्या दिवशी उतरते. दोन साठेदार समोरासमोर, आणि एकाच्या हातात दुसऱ्याच्या मालाचा भाव.

उपायांसाठी स्टॅनफर्डला जायला नको. पेण आणि हमरापूरचे कारखाने गणपतीच्या मूर्ती मोठ्या संख्येने कच्च्या विकतात, म्हणजे साच्यातून काढून वाळवलेल्या, पण रंग न दिलेल्या. मूर्ती किती लागतील याचा अंदाज बराच आधी बांधता येतो. पितांबर पिवळे की निळे, डोळ्यांची आखणी कशी, दागिने किती, हे मात्र गिऱ्हाईक ऐनवेळी सांगते. म्हणून रंगकाम शक्य तितके पुढे ढकलायचे, तेही मुंबई-पुण्यातल्या स्थानिक कारखान्यांत. इटलीच्या बेनेटनने स्वेटर आधी विणून मागाहून रंगवायला सुरुवात केली, त्याचे कौतुक व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पानोपानी आहे. आपल्या कोकणातल्या मूर्तिकारांचे तिथे नाव नाही. अर्थात याच मूर्तिकारांना २०२५ मध्ये ३० जानेवारीच्या न्यायालयीन आदेशाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती करता येणार नाहीत असे वाटले, आणि ९ जूनच्या आदेशाने त्या करायला मोकळीक मिळाली. मधल्या चार महिन्यांत साच्यात काय ओतायचे?

फराळाचेही तसेच. घरगुती फराळ विकणाऱ्या बाया आणि बचतगट दसऱ्यापासून नोंदणी घेतात, आगाऊ रक्कम घेतात आणि मागितली तेवढीच भाजणी दळतात. अनिश्चिततेचा थोडा वाटा गिऱ्हाइकानेही उचलावा, हे त्यांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय ठरवून टाकले आहे. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांचे मात्र २०२५ मध्ये हाल झाले. अमेरिकेने लहान पार्सलांची शुल्कमाफी काढली, भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सले थांबवली, ती पुन्हा घ्यायला सुरुवात केली १५ ऑक्टोबरला. खासगी कुरिअरचा दर ज्यांना परवडला, त्यांच्या चकल्या न्यू जर्सीला पोचल्या.

‘उरलेला माल परत घ्या’ या मागणीवर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. परत घ्यायचे म्हटले तर दुकानदार वाटेल तेवढे मागवेल, विकायची खटपट करणार नाही आणि गोदामे आमची भरतील. या म्हणण्यात तथ्य आहे. दिवाळी अंकांच्या धंद्यात, जिथे न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत येतात, तिथे विक्रेता सढळ हाताने मागणी नोंदवतो आणि तुळशीच्या लग्नानंतर प्रकाशकाच्या दारात गठ्ठे येऊन पडतात, हे संपादक मंडळींना विचारून पाहावे. अमेरिकेतल्या बॅरी पास्टरनॅक यांनी १९८५ मध्ये हे गणित सोडवले. पूर्ण किमतीला सगळा माल परत घेणे चूक, काहीच परत न घेणेही चूक. ठरावीक कपात करून उरलेला माल परत घेतला, तर साखळीचा एकूण नफा सर्वांत जास्त होऊ शकतो. आकाशकंदील १२० ला देऊन १०० ला परत घेणारा घाऊक व्यापारी हेच करत असतो. औषधांच्या आणि बिस्किटांच्या धंद्यात मुदत संपलेला माल परत घेण्याची रीत आहेच; ती हंगामी मालापर्यंत न्यायला अडचण काय, हे कंपन्यांनी सांगावे.

आणि त्यासोबत विक्री मोजायची ती दुकानातल्या बिलावर, वितरकाच्या ट्रकवर नव्हे. आज बारीकसारीक किराणा दुकानातही क्यूआर कोड आणि बिलाचे यंत्र आहे. माहिती अडते ती तंत्रामुळे नाही. ती वर गेली तर टार्गेटचा खेळ उघडा पडेल, म्हणून अडते. सरकारपुरते सांगायचे तर कराचा, निर्यातीचा किंवा दर्जाच्या निकषाचा बदल जाहीर करताना त्या दिवशीच्या साठ्याचे काय, हे त्याच अधिसूचनेत लिहिले पाहिजे. मागाहून परिपत्रक काढून नाही.

याची पहिली कसोटी फार दूर नव्हती. उन्हाळ्यासाठी बनवलेले एसी २०२५ मध्ये मेमधल्या पावसाने गोदामांत राहिले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करकपातीची वाट पाहत गिऱ्हाईक थांबले. नवरात्रात थोडा उठाव झाला, पण नवरात्र हा काही एसीचा मोसम नाही. त्यात १ जानेवारी २०२६ पासून ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांचे निकष बदलणार होते, आणि तेव्हाचा पाच तारे मिरवणारा एसी साधारणपणे चार ताऱ्यांच्या बरोबरीचा ठरणार होता. निकष कडक होणे विजेच्या दृष्टीने योग्यच आहे, आणि ही तारीख कोणाला अचानक कळलेली नव्हती. पाडव्याला कंपन्यांकडे अजून दोन महिन्यांहून अधिक वेळ होता. त्यांनी विक्रेत्यांकडच्या जुन्या ताऱ्यांच्या मालाची मोजदाद त्याच दिवाळीत करावी, किती माल कोणत्या कपातीने परत घेणार ते लेखी कळवावे, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टार्गेट गाठण्यासाठी तोच माल स्कीम लावून लातूर-नांदेडच्या दुकानांत ढकलू नये, एवढेच आमचे मागणे होते.